बँकर मागून लागतो

बाबांना वृद्धाश्रमात न्यायचे दोन प्रयत्न फसले. पहिल्या वेळी त्यांनी चौकट धरली, दुसऱ्या वेळी टांगेवाल्याची मान. मधल्या काळात ते आपणहून दोनदा निघाले, पण रुळांवरून, पळसदरीकडे. दोन्ही वेळा गँगमननी परत आणलं. मी खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर, घरात तिसरं माणूस नाही. पुढच्या वेळी गँगमन आणतील की पोलीस, एवढंच ठरायचं होतं.

बाबा, म्हणजे बुधाजी, कर्जतला बँकर चालवायचे. घाटात गाडीला मागून रेटणारं इंजिन. पंचवीस वर्षं त्यांनी अख्ख्या मेलगाड्या माथ्यावर चढवल्या आणि एकाही प्रवाशाने त्यांचं तोंड पाहिलं नाही. आता त्यांना माझं तोंड ओळखू येत नव्हतं. फिट्टंफाट.

तिसऱ्यांदा म्हटलं, "बाबा, चला."

"मी पुढं नाय जात."

"मग?"

"मी मागं लागतो. तू निघ."

त्यांनी माझ्या पाठीला दोन्ही तळवे लावले आणि रेटलं.

भिसेगावातलं घर ते दहिवलीच्या पुढची आश्रमाची टेकडी. भर दुपार. माझ्या डोक्यावर त्यांची वळकटी, काखेत बाबासाहेबांची तसबीर, आणि मागून वडील. सायकलवाला झाकीर ओरडला, "चंदर, धक्क्याशिवाय चालू होत नाय काय रं?" मी गाडी असल्यामुळे बोललो नाही.

चढाला मला दम लागला, त्यांना नाही. "जोर नाय तुझ्यात," ते म्हणाले. "म्हणून तर आमी असतो."

फाटक, पायऱ्या, व्हरांडा, खोली. खाटेपाशी आल्यावर त्यांनी मला तिच्यावर बसवलं आणि आश्रम सांभाळणाऱ्या अख्तरबाईंना सांगितलं, "बाई, ह्याला ठेवून घ्या. पोरगा गुणाचा हाय, पन ह्याला कायबी आठवत नाय."

अख्तरबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ठेवते," त्या म्हणाल्या. मी तेवीस वर्षांचा होतो.

काम झालं म्हणून बाबा दाराकडे वळले. ते घरी कुठल्या वाटेने जाणार ते मला माहीत होतं. मी घाईने विचारलं, "बाबा, परतीचा सिग्नल मिळाला?"

ते थांबले. माथ्यावर गाडीपासून सुटलेला बँकर सिग्नलशिवाय खाली उतरत नाही. लहानपणी त्यांनीच मला हे शिकवलं होतं, जेवताना, ताटाच्या कडेने वाटी ढकलत.

"नाय अजून," ते म्हणाले आणि खाटेवर माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "तू कशाला थांबलास? मी सुटलो. तू हो पुढं."

"आन् तुमी?"

"सिग्नल पडंल तवा."

तो पडणार नाही, हे खोलीतल्या तिघांपैकी निदान दोघांना ठाऊक होतं.

मी मागच्या दाराने उतरलो. आल्या वाटेने गेलो असतो तर पुढे गेलेली गाडी मागे आल्यासारखी दिसली असती, आणि बाबा खिडकीत होते. त्या बाजूने भिसेगाव मैलभर लांब पडतं. घरी पोचेपर्यंत शर्टाच्या पाठीवरचे बाबांचे दोन ओले पंजे वाळले होते.