गुणाजींच्या डोक्यात डोकावलेलं यंत्र

मी एक जुना एमआरआय आहे, मित्रांनो. माणसाच्या डोक्यात डोकावून आतलं चित्र काढणारं मोठं यंत्र म्हणजे मी. जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, उमेदीची वर्षं मुंबईत गेली, आणि तिथे माझ्याहून चपळ भाऊबंद आल्यावर मला पेणजवळच्या या दवाखान्यात आणून बसवलं. तेव्हा झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. आता माझा ठणठणाट ऐकून लोक तोंड वाकडं करतात. मला चालवणारी शिवानी सोडली, तर कौतुकाचा शब्द कोणी बोलत नाही. वाईट वाटतं हो!

पण गुणाजींनी माझं मन जिंकलं. म्हसळ्याकडचा हा भातशेती करणारा माणूस. कंपवाताची नुकती सुरुवात, उजवा हात थरथरायचा. शिमग्याला ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. घराघरातली माणसं आधी आपलं मागणं त्यांच्या कानावर घालत. ते सगळं डोक्यात धरून गुणाजी एका दमात देवाला सांगत, आणि प्रत्येक मागण्यामागे ढोल वाजून थांबला, की त्यांच्यासकट सगळं गाव गर्जत असे, "व्हय महाराजा!"

गेल्या शिमग्याला घोटाळा झाला. वेणूबाईंनी म्हशीला दोन्ही वेळचं दूध मागितलं होतं आणि जावयासाठी मुंबईत नोकरी. गुणाजींनी म्हशीला नोकरी मागितली आणि जावयाला दोन्ही वेळचं दूध! गाव पोट धरून हसलं. कोणीतरी म्हणालं, "साठी बुद्धी नाठी." ते गुणाजींच्या जिव्हारी लागलं. पुन्हा देवापुढे उभं राहणार नाही, असं त्यांनी घरी सांगून टाकलं.

त्यांची बायको नलूताई आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सुचितांना म्हणाल्या, "बाई, हात थरथरला तर थरथरूं दे. पन गाऱ्हानं सुटलं तर ह्यो मानूस खचंल."

म्हणून गुणाजी माझ्या पोटात आले. डोळ्यांवरच्या छोट्या आरशात पडद्यावरचं एकेक चित्र दिसायचं. मधलं एक सोडून त्याआधीचं चित्र पुन्हा आलं, की हातातली कळ दाबायची. मी धडधडायला लागलो आणि मधे क्षणभर थांबलो, तोच आतून आवाज आला, "व्हय महाराजा!" मान हलली, माझं चित्र फिसकटलं.

"काका, बोलू नका हो!" शिवानी ओरडली.

"पोरी, ढोल थांबला का त्वांड आपसूक उघडतं."

माझ्या ठणठणाटाला आजवर कोणी ढोल म्हटलं नव्हतं. मी तर विरघळलोच. शिवानी हसून म्हणाली, "तुम्ही मनात म्हणा, तुमच्या वाटचं मी बाहेरून म्हणते." मग ते अगदी निवांत पडून राहिले.

चित्रं मनात धरताना मेंदूचे जे भाग नेटाने कामाला लागायला हवेत, ते मंद दिसले. माझी चित्रं आणि बाकीच्या तपासण्या पाहून डॉक्टरांनी सांगितलं, "आडात पाणी भरपूर आहे, पोहरा गळतोय. जुनं सगळं शाबूत आहे. नुकत्याच ऐकलेल्या चार गोष्टींचं ओझं एकदम पेलत नाही. एका वेळी एकच सांगा."

पुढच्या खेपेला नलूताई आल्या त्या शिवानीला सांगतच. यंदाच्या शिमग्याला गुणाजींना राजी करून गावकऱ्यांना त्यांनी देवळापुढे रांगेत उभं केलं होतं. एकेकाने पुढे यायचं, गुणाजींच्या कानात सांगायचं, त्यांनी लगेच देवाला सांगायचं. एकही मागणं चुकलं नाही. शेवटी नलूताई स्वतः रांगेतून पुढे आल्या. इतकी वर्षं स्वतःच्या घरासाठी त्यांनी काही मागितलंच नव्हतं. गुणाजींनी ऐकलं तसं मोठ्याने म्हटलं, "महाराजा, माज्या धन्याचं गाऱ्हानं कदी खंडू देऊ नको!"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं, हा धनी म्हणजे आपणच. ते वळून नलूताईंकडे पाहू लागले. पण गाव थांबलं नाही. गेल्या वर्षी हसलेली तीच माणसं देऊळ हादरेल एवढ्या मोठ्याने गर्जली, "व्हय महाराजा!"

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी असं गोंधळू लागलं, तर हसू नका. डॉक्टरांना दाखवा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. आणि कधीतरी त्यांच्यासाठीही काही मागा, त्यांना ऐकू जाईल असं.