सहा की सोळा

सामना कोण जिंकलं, हे दुर्बीणकाकांना कधीच ठाऊक नसायचं. घरी आले की काकू चहा टाकता टाकता विचारायच्या, "कोण जिंकलं हो?" आणि काका चक्क खिशातला कागद काढून बघायचे. आता याला काय म्हणावं! नव्वद मिनिटं फुटबॉलच्या मैदानावर डोळे लावून बसलेला माणूस, आणि निकाल कागदात बघून सांगणार.

पण त्यांचं कामच तसं होतं. गॅलरीत सगळ्यात वरच्या रांगेत बसायचं, मांडीवर तक्ता, गळ्यात दुर्बीण, आणि बॉल कुठेही जाऊ दे, बघायचं फक्त रेफ्रीकडे. तो धावतो किती, उभा कुठे राहतो, शिट्टी फुंकताना कचरतो का. शेवटी त्याला दहापैकी गुण द्यायचे. काकांनी स्वतः वीस वर्षं शिट्टी फुंकली होती. गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हापासून हे निरीक्षकाचं काम. रविवार आला की स्वारी सकाळपासून दुर्बिणीच्या काचा पुसत बसायची.

त्या रविवारी रेफ्री एक बाई होती. आठवडाभर बस डेपोत वेळापत्रकं लावायची, सुट्टीच्या दिवशी बावीस दांडग्यांना आवरायची. वय चौतीस. वरच्या डिव्हिजनमध्ये पस्तिशीनंतर नव्याने कुणाला घेत नाहीत, आणि या मोसमातली तिची ही शेवटची तपासणी. आठ गुण मिळाले तर वर, नाहीतर जन्मभर इथेच. शिवाय एक जरी ढळढळीत चूक निघाली, तर साडेसातच्या पुढे गुण देता येत नाहीत. हे तिलाही माहीत, काकांनाही माहीत.

आणि काय सांगू, बाई अशी काही खेळवत होती की काका बसल्या जागी खुलले. एकतिसाव्या मिनिटाला रेषेजवळ कुणीतरी कुणाला तरी मागून लाथ घातली. पाच-सहा जण एकमेकांच्या अंगावर धावले. ती सरळ त्या घोळक्यात शिरली, सगळ्यांना बाजूला केलं आणि सहा नंबरला पिवळं कार्ड दाखवलं. "मी नव्हे! अहो, मी नव्हे!" म्हणत तो दोन्ही हात नाचवत राहिला. तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि खेळ सुरू केला. काकांनी लगेच तक्त्यावर लिहिलं : खेळाडूच्या कुरकुरीला भीक घातली नाही. शाबास!

शेवटी शेवटी पेनल्टीसाठी अख्खी गॅलरी उठून बोंबलली. ती चार पावलांवर उभी होती, तिने खुशाल खेळ चालू ठेवला. लोकांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काकांनी मात्र पेन्सिलीने आठ पूर्णांक चार लिहिले आणि गुडघ्यांना शिव्या देत पायऱ्या उतरले.

पंचांची खोली म्हणजे दोन बाकडी, एक गळका नळ आणि वेदनाशामक मलमाचा वास. लाइनवरचे दोघे आंघोळीला गेले होते. ती एकटीच बूट न काढता बसली होती. काकांची एक पद्धत होती. आपलं मत आधी सांगायचं नाही, आधी विचारायचं.

"आज एखादा निर्णय परत घेता आला, तर कुठला घेशील?"

या प्रश्नाला बहुतेक जण एखादा थ्रो-इन पुढे करतात. आपण किती प्रामाणिक हे दाखवायला बेताची चूक, ज्याने गुणही जाणार नाहीत. काका ऐकून मनातल्या मनात हसायचे.

"एकतिसाव्या मिनिटाचं कार्ड, सर," ती म्हणाली. "चुकीच्या माणसाला दिलं."

काका खालीच बसले. "कशावरून?"

"लाथ घालणाऱ्याच्या मनगटाला पांढरी पट्टी होती. आत्ता हात मिळवताना बघितलं, सहा नंबरचं मनगट मोकळं. पट्टी आहे सोळा नंबरला. दोघांचे केस एकसारखे कापलेले. सोळा गर्दीत सटकला, सहा माझ्या पुढ्यात आला, आणि मी..."

"तो सांगत होता की, मी नव्हे म्हणून."

"सगळेच सांगतात, सर."

हे मात्र खरं होतं. काकांनी वीस वर्षांत "हो, मीच" म्हणणारा खेळाडू पाहिला नव्हता.

"मी अहवालात लिहिणार आहे," ती म्हणाली. "सहा नंबरचं हे तिसरं कार्ड. नाही लिहिलं, तर काही न करता पुढचा सामना बाहेर बसेल बिचारा."

"लिहिलंस की काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय." ती खाली वाकून नाडी सोडायला लागली. "आईला सांगून आले होते, आज होणार म्हणून."

काका तक्ता घेऊन बाहेरच्या बाकावर आले. 'शाबास!' आपलंच अक्षर. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. एवढी दुर्बीण लावून बसलेला हा शहाणा, ते मनगट यालाही दिसलं असतं की! पण हा बघत होता बाईकडे.

आता साडेसात लिहून मोकळं होता आलं असतं. कुणी विचारलं नसतं. सगळ्यांना वाटलं असतं, दुर्बीणकाकांनी चूक बरोबर हेरली. पण तक्त्याच्या मागे बारीक अक्षरांत एक नियम होता. चूक निरीक्षकाच्याच नजरेतून सुटली असेल, तर त्याने दिलेले सगळे गुण रद्द. ज्याला एवढं दिसलं नाही, त्याने बाकीचं तरी नीट बघितलं कशावरून? रेफ्रीला दुसरा सामना, दुसरा निरीक्षक. पहिला निरीक्षक यादीतून बाहेर. हा नियम आजवर कुणी वापरला नव्हता. स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेणार?

वरची रांग, रविवार, दुर्बीण, सगळंच जाणार होतं. दुसरं त्यांना काही येतही नव्हतं. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, पेन काढलं आणि लिहिलं : एकतिसाव्या मिनिटाची चूक मला दिसली नाही. रेफ्रीने स्वतः सांगितली. खाली सही केली आणि घरी गेले. काकूंनी कोण जिंकलं म्हणून विचारलं. त्या दिवशी काकांनी कागदही काढला नाही.

तीन रविवारांनी काका घरात टीव्हीसमोर बसले होते. लोकल चॅनेलवर तिचाच फेरतपासणीचा सामना, गॅलरीत दुसरा कुणीतरी निरीक्षक. कॅमेरा सारखा बॉलच्या मागे धावत होता आणि काका चरफडत होते. "अरे, तिला दाखवा ना जरा! पळतेय कुठे ती?"

"अहो, सरका मागे," काकू म्हणाल्या. "टीव्हीत शिरताय का आता?"

साठाव्या मिनिटाला एकाने दुसऱ्याला आडवं केलं. पुन्हा तोच घोळका, तोच आरडाओरडा. कॅमेरा एकदाचा तिच्यावर आला. एक गडी हात नाचवत पुढे आला, मी नव्हे, मी नव्हे. तिचा हात खिशाकडे गेला आणि थांबला. तिने त्याचं मनगट पाहिलं. मग बोटाने खूण करून त्याला पाठ फिरवायला लावली, नंबर वाचला, आणि त्याला सोडून मागे लपलेल्या दुसऱ्यालाच हाक मारली. त्याचाही नंबर वाचला. मग कार्ड वर धरलं.

काका ताडकन उठले. गुडघे कळवळले, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

"बघितलंस? अगं, बघितलंस का?"

"काय झालं? गोल झाला?"

"गोल गेला खड्ड्यात!" काका म्हणाले आणि त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.