रँडीचं जोखड

मी खांद्यावरचं म्यान बोलतोय. तलवारीचं नव्हे, पिस्तुलाचं. आमच्याकडे होल्स्टर म्हणतात. आणि आधीच सांगून ठेवतो, माफी मागायला मी तोंड उघडलेलं नाही. माझ्यामुळे मान धरते, खांदा ओढतो, काख सोलवटते, हे सगळं मी चार वर्षं खिळ्याला लटकून मुकाट्याने ऐकलं. आता जरा माझं ऐका.

माझा जन्म वायोमिंगमधल्या थॉर्न क्रीक गावचा. ऑर्व्हिल टेश नावाचा म्हातारा तिथे घोड्यांची खोगिरं शिवतो, त्याच्या दुकानात मी झालो. खोगिराला जे जाड कातडं लागतं त्याच कातड्यातून त्याने मला कापलं. पाण्यात भिजवलं, माझ्या पोटात पूर्ण आकाराचं, चांगलं थोराड पिस्तूल खुपसलं आणि हाडाच्या पट्टीने दाबत दाबत त्या पिस्तुलाचा एकेक कंगोरा माझ्या अंगावर उठवला. मग दोन दिवस तसंच वाळवलं. म्हणून माझ्यात दुसरं काही बसत नाही. चष्मा ठेवून बघा, बाहेर पडेल.

ऑर्व्हिलचं एक म्हणणं होतं, आणि तो ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. "खांद्यावरचं म्यान म्हणजे खांद्याने ओझं वाहायचं असं वाटतं लोकांना. अरे कसला खांदा! ओझं पाठीने वाहायचं, आणि दोन्ही अंगांनी." म्हणून त्याने मला एकट्याला कधी सोडलंच नाही. डाव्या काखेत मी, नळीचं तोंड सरळ जमिनीकडे. उजव्या काखेत वजनाला वजन म्हणून गोळ्यांनी भरलेल्या दोन मॅगझिनचा कप्पा. पाठीवर पट्टे एकमेकांना भेटतात तिथे कातड्याची एक चकती, आणि दोन्हीकडून दोन वाद्या खाली उतरून कमरेच्या पट्ट्याला अडकायच्या. यातलं एक जरी काढलं तर बाकीचे सगळे चुगल्या करायला लागतात.

आणि माझा पहिला मालक नेमका तेच काढणारा निघाला. रँडी क्लॉट्झ. जमिनींचे व्यवहार करायचा, उंचापुरा, केसांना तेलपाणी करणारा गडी. दुकानात आला, पातळ शर्टावर मला चढवलं आणि आरशासमोर उभा राहिला. पोटात पिस्तूल नाही, बसून बघितलं नाही, वाकून बघितलं नाही. उजवीकडून बघतोय, डावीकडून बघतोय, नुसता खूश! ऑर्व्हिल म्हणाला, "रँडी, बाबा, एकदा वजन घालून खुर्चीत तरी बस." रँडी म्हणाला, "ऑर्व्हिल, मला बसायचं नाहीये, मला दिसायचंय."

घरी नेल्यावर त्याने खालच्या दोन्ही वाद्या कापून टाकल्या. उगाच लोंबतात म्हणे. मॅगझिनचा कप्पाही काढला, कोटाला फुगवटा येतो म्हणून. मग काय, सव्वा किलोचं पिस्तूल एकाच खांद्याला, तेही चालताना झोके घेणारं. आठव्या दिवशी हा मान वाकडी करून दुकानात हजर. "हे म्यान नाही, जोखड आहे जोखड! बैलाला बांध." असा राग आला होता मला! वाद्या तू कापल्यास आणि जोखड मी?

पण गाव हे गाव. गुरांच्या लिलावाच्या बाजारातल्या खाणावळीत रँडीने मान धरून धरून सगळ्यांना गोष्ट सांगितली. तेव्हापासून मी रँडीचं जोखड झालो. गल्ल्याशेजारच्या खिळ्याला लटकलो. कोणी यायचं, मला काढायचं, आरशासमोर उभं राहायचं, हसायचं आणि परत टांगायचं. चार वर्षं हीच तऱ्हा. पण मी सैल पडलो नाही. ज्या मापाचं पोट ऑर्व्हिलने दिलं होतं ते तसूभरही बदलू दिलं नाही.

मग एका सप्टेंबरात अर्डिस हॉफनर आली.

अर्डिस म्हणजे या भागातली गुरं तपासणारी. गुरांच्या अंगावर मालकांच्या खुणेचे, तापल्या लोखंडाने दिलेले डाग असतात, कोणाचा कोणता हे वाचायचं, चोरीचं जनावर बाजारातून बाहेर काढायचं, हे तिचं काम. एकतीस वर्षं करत होती. वाढलेल्या केसांखालचा डाग ती नुसत्या हाताने चाचपून सांगायची. वसंतात बाजाराच्या चिंचोळ्या वाटेत एका गायीने तिला लोखंडी दांडीवर चेपलं आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. आत धातूची पट्टी घातली. बाई हिंडायला लागली, पण कमरेच्या पट्ट्यावरचं पिस्तूल बरोब्बर त्या पट्टीवर बसायचं. दिवसाला सहा-सहा तास गाडीत बसणारी बाई, ती कळ सोसणार किती?

आणि तीन आठवड्यांवर नेमबाजीची वार्षिक परीक्षा आली होती. पास झालात तर गाडी, रस्ता, गुरं. नापास झालात तर राजधानीतल्या ऑफिसात टेबलाशी बसून अर्जांवर शिक्के मारायचे. ती ऑर्व्हिलला म्हणाली, "मला त्या खोलीत बसवलं ना, तर मी वर्षभरात मरेन. खरं सांगते."

"ड्वेन काय म्हणतो?" ऑर्व्हिलने विचारलं. ड्वेन पिकरेल तिचा साहेब. परीक्षाही तोच घ्यायचा.

"काय म्हणणार! म्हणतो, परीक्षेपुरता पट्टा लाव, अर्धा तास दात आवळून सोस, आणि बाकी वर्षभर पिस्तूल गाडीच्या दाराच्या कप्प्यात टाक. सगळे तेच करतात."

"करतात की."

"करू देत. गाय अंगावर आली तेव्हा गाडी दोनशे पावलांवर होती, ऑर्व्हिल. चोर काय मला गाडीपर्यंत जाऊ देणार आहे?"

ऑर्व्हिलने तिच्यासमोर तीन म्यानं ठेवली. पहिल्यात पिस्तूल आडवं राहायचं. पटकन निघतं, पण थोराड पिस्तुलाची नळी कोटामागून बाहेर डोकवायची. "आणि ती कायम मागच्या माणसावर रोखलेली," ऑर्व्हिल म्हणाला, "मागे उभा राहणारा तुझा नावडता असेल तरच घे." दुसरं नायलॉनचं, हलकं, पट्टे बोटभर रुंद. तिने ते हातात घेऊन नुसतं ताणून बघितलं आणि खाली ठेवलं. वजन आलं की असला पट्टा मांसात रुततो, हे घोड्यांत वाढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. तिसरा मी.

"हे रँडीचं जोखड ना रे?"

"हे माझं काम आहे," म्हातारा तडकला. "जोखड रँडीच्या डोक्यात होतं."

तिने आरशाकडे ढुंकूनही बघितलं नाही. आपलं पिस्तूल रिकामं केलं, दोनदा तपासलं, माझ्यात घातलं. मग लाकडी घोडीवर मांडलेल्या खोगिरात चढून बसली. वाकली, रिकीब चाचपली, डावा हात वर केला, मागे वळली. उतरून बाहेर गेली आणि गाडीत बसून सीटबेल्ट लावून बघितला. शेवटी म्हणाली, "आज विकत घेत नाही. दोन दिवस अंगावर घालून हिंडते. पटलं तर घेईन." ऑर्व्हिलने मान डोलावली. असं गिऱ्हाईक बघायला तो चार वर्षं थांबला होता आणि मीही.

दुसऱ्याच दिवशी ती परत आली. कॉलर बाजूला केली. मानेशी लालभडक वळ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑर्व्हिलने तो वळ नीट बघितला आणि चक्क हसला. "मानेवर चढलंय. म्हणजे पाठीवरची चकती वर बसलीय." त्याने ती दोन बोटं खाली उतरवली. रँडीने कापलेल्या वाद्या चार वर्षं तशाच राहिल्या होत्या, त्यांच्या जागी नव्या शिवल्या, उजवीकडे मॅगझिनचा कप्पा परत लावला आणि पिस्तूल अडकवून धरणाऱ्या पट्टीला नवं बटण बसवलं. दोन दिवसांनी ती आली तेव्हा त्याने कॉलर बाजूला करायला सांगितली, तर ती म्हणाली, "कॉलर कसली बघतोस, काल हे अंगावर ठेवूनच मी जेवून भांडी घासली. काढायचं लक्षातच राहिलं नाही." एवढं कौतुक माझं आयुष्यात कुणी केलं नव्हतं.

परीक्षेचा दिवस. गावाबाहेरची खडीची खाण, बोचरा वारा, सात तपासनीस ओळीत उभे. ड्वेनने अर्डिसकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं ए, ते काय घालून आलीस? खांद्यावरचं ओळीत चालत नाही. पिस्तूल काढताना नळी शेजाऱ्यावरून फिरते."

"माहितीये. म्हणून मी ओळीत नाहीच उभी राहत. सगळ्यांचं होऊ दे. मग मी एकटी, डाव्या टोकाला. माझ्या डावीकडे नुसता डोंगर. डोंगराची काही हरकत?"

"अर्डिस, गाडीत पट्टा आहे माझा. लाव ना! पन्नास गोळ्यांचा प्रश्न आहे. कशाला डोकं लावतेस?"

"वर्षभर जे लावणार नाही त्यात पास होऊन काय दाखवू? मला पट्टा लावता येतो याची परीक्षा आहे का ही?"

बाकीचे सहा जण बुटांकडे बघायला लागले. सगळ्यांच्या कमरेला पट्टे होते, आणि बहुतेकांवर वर्षभराची धूळ. ड्वेन पुटपुटला, "पन्नासपैकी चाळीस लागायला हव्यात. एक जरी कमी पडली तर मी काही करू शकणार नाही." ती म्हणाली, "करूही नकोस."

ती शेवटी एकटी उभी राहिली. डावा खांदा निशाणाकडे, डावा कोपर वर. ड्वेनने शिट्टी फुंकली, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्याच वेळी मी अडलो. नवं बटण, वर गारठा. तिच्या अंगठ्याखाली ते निघेचना. दोन गोळ्यांची वेळ तिथेच गेली. मनात म्हटलं, संपलं, आता ही शिक्के मारत बसणार आणि मी पुन्हा खिळ्याला. अर्डिसने शिवी हासडली. मला दिली की वाऱ्याला, अजून कळलेलं नाही. पुढच्या वेळी तिने अंगठा जरा खालून घातला, आणि मग मी एकदाही अडलो नाही. काढ, झाड, परत घाल. पन्नासपैकी त्रेचाळीस.

ड्वेनच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. त्याने वही गाडीच्या बॉनेटवर ठेवली, तिच्या नावापुढे त्रेचाळीस लिहिले, पुढे 'म्यान' या रकान्यात भराभर 'कंबरपट्टा' लिहिलं आणि वही तिच्यापुढे सरकवली. "कर सही. पास झालीस. आता कुणी विचारत नाही."

अर्डिसने वाचलं. पेन घेतलं आणि 'कंबरपट्टा' वर एक आडवी रेघ मारली.

"अगं वेडी आहेस का?" ड्वेन ओरडलाच. "खाडाखोड झाली की वही वर, राजधानीला जाते. ते पास रद्द करतील! मी तुझ्या भल्यासाठी लिहिलं होतं."

"माहितीये रे बाबा. तू माणूस चांगला आहेस. पण एकतीस वर्षं मी गायीच्या अंगावर जे आहे तेच लिहिलंय. शेजाऱ्याची गाय, बहिणीची गाय, कुणाची का असेना. आता स्वतःच्या अंगावर आहे तेवढं खोटं लिहू?" आणि तिने लिहिलं, 'खांद्यावरचं, नळी खाली'. खाली सही केली. आणि पेन ड्वेनच्या खिशात परत खोचलं.

पाच आठवडे राजधानीहून उत्तर आलं नाही. ती रोज कामाला जायची. रोज सकाळी मला चढवायची, वाद्या अडकवायची. एकदा तिने घरात एकटीनेच मोठ्याने विचारलं, "गाढवपणा केला का मी?" मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, मुळीच नाही!

पत्र आलं ते गुरांच्या लिलावाच्या दिवशी. ती खाणावळीत ऑर्व्हिलसमोर बसली होती. पुढ्यात तिखटजाळ राजमा आणि त्यात बुडवून खायला दालचिनीचा गोड पाव. ड्वेन स्वतः पाकीट घेऊन आला, तोंड एवढंसं करून. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, मग ऑर्व्हिलसाठी मोठ्याने वाचलं. परीक्षेचा निकाल कायम. पुढच्या वर्षापासून खांद्यावरची म्यानं चालतील, नळी खाली असेल तर, डाव्या टोकाला, सगळ्यांच्या नंतर. आणि शेवटी एक ओळ: प्रत्येकाने रोज जे वापरतो त्यातच परीक्षा द्यावी.

ऑर्व्हिलने टेबलावर थाप मारली, राजमा सांडला. ड्वेन मात्र उभाच.

"अर्डिस," तो म्हणाला, "ती शेवटची ओळ तुझ्यामुळे आली बरं का. आता आम्ही काय करायचं?"

अर्डिसने पाव राजम्यात बुडवला. "काय करायचं म्हणजे? गाडीचं दार उपटायचं आणि कमरेला बांधून यायचं."

अख्खी खाणावळ हसली. कोपऱ्यात बसलेला रँडीसुद्धा हसला, मान धरून.

आता या बाईकडे मला दोन वर्षं झाली. अर्डिसच्या घामाने मी काळपट पडलोय, काखेच्या बाजूला गुळगुळीत झालोय, बटण आता बोट लागताच निघतं. गाव अजून मला रँडीचं जोखडच म्हणतं. म्हणू दे. ड्वेनने गेल्या महिन्यात ऑर्व्हिलकडे पाठीचं माप दिलं, गुपचूप, दुकान बंद व्हायच्या वेळेला. माझा धाकटा भाऊ सध्या भिजत पडलाय.

तुम्हीही कधी आमच्यापैकी कुणाला निवडायला आलात तर एवढंच सांगणं आहे. आरशाकडे पाठ करा. पूर्ण वजन घाला, बसा, वाका, दिवसभर वागवा, वळ उठला तर परत या आणि दुरुस्त करून घ्या. आणि तेवढा धीर नसेल तर खुशाल जा, पण जाताना आम्हाला जोखड म्हणू नका. माझं खरं नाव वहीत आहे, खोडलेल्या शब्दाच्या शेजारी, अर्डिसच्या अक्षरात.