मधोमध टेबल

"काकू, तुम्हाला नेमकं काय आवडतं?" असं विचारलं आणि मास्तरीणबाईंची दातखीळच बसली. भाजी कुठली आवडते, हे त्यांना सांगता आलं असतं. पण घर कसं आवडतं, हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं, मग उत्तर तयार कुठून असणार?

विचारणारी लेकीची मैत्रीण होती. लोकांची घरं सजवून देणं हा तिचा व्यवसाय. मास्तर जाऊन वर्ष होत आलं तरी आई त्याच घरात, त्याच खुर्चीत बसून असते, हे लेकीला बघवेना, म्हणून तिनं मैत्रिणीला धरून आणलं होतं. "आयुष्यभर बाबांच्या सोयीनं राहिलीस. आता तरी तुझ्या मनासारखं घर लाव," लेक म्हणाली. बोलणं खरं होतं, पण खरं बोलणं दर वेळी गोड लागतंच असं नाही.

पोरगी मन लावून काम करणारी होती. हातात कापडाचे तुकडे आणि रंगांची पत्रकं घेऊन ती बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि चहूकडं बघून हरखली. सगळं सामान भिंतींना चिकटून. मधली फरशी लख्ख मोकळी. भिंतींवर एक चित्र नाही, फक्त ठकठक वाजणारं एक जुनं घड्याळ. आणि प्रत्येक दाराशी निराळं पायपुसणं. स्वयंपाकघराशी काथ्याचं, न्हाणीघराशी रबराचं, झोपायच्या खोलीशी मऊ चिंध्यांचं.

"अहो, तुमची स्टाइल तर ठरलेलीच आहे! मिनिमल! मोजकं सामान, भरपूर मोकळी जागा, आणि पायाला दर ठिकाणी वेगळा स्पर्श. हे तुम्हाला सुचलं कसं?"

हसावं की रडावं, बाईंना कळेना. लेक पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

"सुचलं कसलं, बाळ," बाई म्हणाल्या. "यांना दिसत नव्हतं ना."

मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. डोळे काही एका दिवसात गेले नाहीत. आधी नकाशावरच्या नद्या गेल्या, मग फळा, मग मुलांचे चेहरे. शाळेतली नोकरी सुटली तेव्हा मास्तरांनी घराचाच नकाशा केला. स्वयंपाकघर उत्तरेला, न्हाणीघर पश्चिमेला, आणि घड्याळ जिथून वाजतं ती पूर्व. खुर्ची वीतभर सरकली की ते ओरडायचे, "माझ्या देशाच्या सीमा कुणी बदलल्या?" आलेगेले हसायचे. बाईही हसायच्या आणि खुर्ची मागे सारायच्या. केर काढून झाला की वस्तू अन् वस्तू जागच्या जागी आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून बघायच्या. चालता-बोलता सांगत राहायच्या. उठतेय हं. दार उघडं आहे हं. उजवीकडे बादली आहे, जपून. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की परक्याच्या घरी गेल्या तरी त्या उठताना "उठतेय हं" म्हणत आणि मग ओशाळत.

हातातली पत्रकं मैत्रिणीनं खाली ठेवली. म्हणाली, "सजावट राहू दे, काकू. एवढ्या वर्षांत या घरात काय हवंसं वाटलं आणि ठेवता आलं नाही, तेवढं सांगा."

बाईंच्या तोंडून उत्तर निघून गेलं. "मधोमध एक टेबल. गोल. बुटकं. वर फुलं ठेवायला."

असं टेबल त्यांनी एकदा आणलंही होतं. मास्तरांना चार वेळा सांगितलं, हात धरून त्याच्याभोवती फिरवलं, आणि तरी संध्याकाळी ते त्याला अडखळून पडले. कपाळाला खोक पडली. जखम दाबून धरतच म्हणाले, "राहू दे ते. आणखी दोनदा आपटेन, मग पाठ होईल." बाईंनी ऐकलं नाही. सकाळी मास्तर आंघोळीला गेलेले असताना दुकानदाराला बोलावून टेबल परत पाठवलं. मनातून मात्र त्या मास्तरांवर चिडल्या होत्या, अगदी दातओठ खाऊन. या एवढ्या घरात आपल्या वाट्याला एक टेबलसुद्धा असू नये?

दुपारी मास्तर झोपून उठले. चिंध्यांच्या पायपुसण्यावर थांबले, हात किंचित पुढे धरला, आणि खोलीच्या मधोमध आल्यावर डावीकडून अर्धा फेरा घेऊन, रिकाम्या जागेला वळसा घालून, न अडखळता स्वयंपाकघराशी आले.

"बघ," ते म्हणाले. चेहरा शाळेतल्या पोरासारखा फुलला होता.

"नेलं ते सकाळीच," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी पुढे धरलेला हात खाली घेतला. "अगं, पण मला पाठ झालं होतं," एवढंच म्हणाले. टेबल परत आणू, असं बाईंना तेव्हाच म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. पोटात अजून राग होता.

हे सगळं त्यांनी मैत्रिणीला सांगितलं नाही. टेबलाचं तेवढं सांगितलं.

टेबल आलं. तसंच गोल, तसंच बुटकं. लेकीनं त्यावर फुलदाणी ठेवली, फोटो काढले, आईला जवळ घेतलं. घर खरंच सुंदर दिसत होतं. बाईंनी ते कबूल केलं आणि मनापासून केलं. मात्र लेक गेल्यावर त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या, त्या नेहमीसारख्या, मधली वाट मास्तरांसाठी सोडून, भिंतीच्या कडेकडेनं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ओट्याशी उभ्या राहून कांदा चिरत होत्या. घरात घड्याळाचा तेवढा आवाज होता. वाऱ्यानं झोपायच्या खोलीचं दार करकरलं, मास्तर झोपून उठले की करकरायचं तसं. बाईंनी मानही वर केली नाही.

"अहो, जपून. मध्ये टेबल आहे हं," त्या म्हणाल्या. "डावीकडून या."

आणि सुरी हातात धरून वाट बघत राहिल्या. आता पायपुसण्यावर थांबतील. आता हात पुढे धरतील. आता वळसा.

घड्याळ वाजत होतं. बाई बाहेर आल्या. फुलदाणी लेकीनं ठेवली होती तिथंच होती. टेबलाला कुणीही धडकलं नव्हतं.