भागूबाईचं पदक

माझ्या भावाला घरात सगळे भागूबाई म्हणायचे, आणि ते काही उगीच नव्हतं. झुरळ दिसलं की तो खुर्चीवर, कुत्रं दिसलं की माझ्या पाठीमागे. डॉक्टरचं नुसतं नाव काढलं तरी त्याचा ताप उतरायचा. अंधाराचं तर विचारूच नका. मिशी फुटली, बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटरची नोकरी लागली, तरी झोपताना त्याला पॅसेजमधला दिवा चालू लागायचा. आई कुरकुरायची, "घोडा झालास तरी भागूबाई ती भागूबाईच!" पण दिवा मात्र रोज तीच लावायची.

त्या भागूबाईला शौर्यपदक मिळालं. तो गेल्यावर.

कारखान्यात अमोनियाचा पाइप फुटला होता. आत अडकलेल्या दोघांना त्याने ओढत दारापर्यंत आणलं, बाहेर ढकललं आणि स्वतः तिथेच कोसळला. ते दोघं वाचले, तो नाही. नंतर घरी जो येई तो आईला एकच सांगे, वाघ होता तुमचा मुलगा, घाबरणं म्हणून त्याला माहीत नव्हतं. आईने पॅसेजमधला दिवा लावणं सोडलं.

समारंभ कारखान्याच्याच आवारात होता. मांडव, भाड्याच्या खुर्च्या, समोर हार घातलेला त्याचा फोटो. फोटोत डोळे मोठ्ठे झालेले, कारण फ्लॅशलाही तो दचकायचा. मालक बोलायला उभे राहिले. "सगळे बाहेर पळत असताना हा वीर जागचा हलला नाही. भीती हा शब्दच त्याला ठाऊक नव्हता!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आई माझ्या कानाशी लागली.

"कोणाबद्दल बोलताहेत गं हे?"

"त्याच्याबद्दलच, आई."

"मग आपला कुठाय यात?"

मला असा संताप आला! मोठा करायचाय ना त्याला, करा की. पण आमचा होता तो तरी ठेवा त्यात. उभा माणूस घेतलात, वर त्याच्या जागी भलताच कोणी आणून बसवलात, आणि आम्ही त्याला हात जोडायचे.

चहाच्या वेळी आईने मालकांना गाठलं. "साहेब, घाबरला होता का हो तो?"

"छे छे! अजिबात नाही."

फोरमनला विचारलं, तोही तेच म्हणाला. वाचलेले दोघं रडत तिच्या पाया पडले, पण ते तेव्हा शुद्धीवरच नव्हते. आई पदकाची डबी पिशवीत टाकून उठली.

"चल," ती मला म्हणाली. "माझं पोर यांच्यातल्या कोणी पाहिलेलंच नाही. शेवटी तो कसा होता ते मला आता कोण सांगणार?"

गेटवर म्हातारा वॉचमन होता. आईने त्यालाही विचारलं. त्याने मान खाली घातली. "नाही हो आई. वाघ होता, वाघ."

आम्ही रस्त्यावर आलो. गेटसमोरच्या विजेच्या खांबाशी आई थांबली. तेवढ्यात मागून हाक आली. वॉचमन टोपी हातात घेऊन धापा टाकत येत होता.

"खोटं बोललो, आई. साहेबांनी तोंड उघडू नको म्हणून बजावलंय. आणि मलाही वाटलं, गेलेल्या पोराची अब्रू कशाला घालवायची? सगळ्यांत आधी पळत बाहेर आला तो तोच. हा खांब धरून उभा होता, लटलट कापत होता. मला म्हणाला, काका, माझा हात धरा. मी धरला. मग म्हणाला, दोघं आत राहिलेत. मी म्हटलं, बंबवाले येतायत, तू थांब. थांबला थोडा. मग विचारतो, काका, आतले दिवे गेलेत का?"

"मग?" आई म्हणाली.

"मी म्हटलं, सगळे गेलेत, डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाही. तेव्हा रडायलाच लागला हो. आणि रडत रडतच हात सोडवून घेतला, आत गेला."

आईने खांबाला हात लावला. त्याचा हात कुठे असेल ते शोधल्यासारखी ती आपला हात वरखाली फिरवत राहिली.

"म्हणजे तोच होता," ती म्हणाली. "माझाच होता तो. भागूबाई गं माझी!" आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडली, भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता. मीही रडले.

वॉचमन म्हणाला, "मी हात घट्ट धरून ठेवायला हवा होता."

"तुम्ही धरलात ना, दादा," आई म्हणाली. "तो एकटा नव्हता ना."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. आईने चपलाही काढल्या नाहीत. पदक पिशवीतच राहिलं. ती आधी पॅसेजमध्ये गेली आणि तिने दिवा लावला.