मानाच्या यादीचा फॉन्ट

बाळासोंनी आयुष्यात एकही यंत्र उघडून तसंच टाकलं नव्हतं. साखर कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. तेव्हा घरातल्या बारा वर्षांच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज चढवायची, म्हणजे त्यांच्या लेखी किरकोळ काम.

"अगं, कारखान्याचे पंप खोलून जोडल्यात ह्या हातांनी. ह्यो तर डबा हाय!"

संयोगिताला नवऱ्याच्या हातांची खात्री होती, धास्ती होती ती घाईची. पंचवीस वर्षं ती घरात बसून मराठी टायपिंग करत होती. कसबा बावड्यातले अर्ज, लग्नपत्रिका, भाऊबंदांची एकमेकांना पाठवलेली खरमरीत पत्रं, सगळं तिच्या बोटांखालून गेलेलं. पण जुन्या विंडोजवर आता सरकारी साइट उघडेना आणि लेकीनं पुण्याहून पाठवलेल्या नव्या प्रिंटरला तर ती ओळखच देईना. आणि रविवारी सकाळी एक कागद छापून निघायलाच हवा होता.

तो कागद म्हणजे वस्तीच्या भैरोबाच्या जत्रेतल्या मानाची यादी. पालखीचा पहिला खांदा कुणाचा, आरतीचं तेल कुणाचं, ढोल आधी कुणाच्या दारात थांबायचा, असले त्रेचाळीस मान. त्यावरून तीन वर्षं जत्रेत देवापेक्षा पोलीस जास्त दिसत होते. प्रत्येकाकडं आज्याच्या काळचा एक कागद आणि प्रत्येक कागदात त्याचंच घर पहिलं! शेवटी सगळ्यांनी भैरोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली, की वस्तीतले सगळ्यात जुनेजाणते पिराजी तात्या ठरवतील ते मान्य. बरं, एवढ्यावर थांबतील तर ती आमची माणसं कसली? पुन्हा कुणी जुना कागद काढून नाचवायला नको म्हणून घराघरातले कागद गोळा केले, त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि वाजतगाजत पंचगंगेत सोडून आले. झेरॉक्ससुद्धा ठेवली नाही.

मग तात्यांनी संयोगितासमोर बसून यादी सांगितली, तिनं ती टाइप केली. "बैठकीच्या सकाळीच छापायची. तवर नवऱ्यालाबी सांगायचं न्हाय," तात्यांनी बजावलं. तीन आठवड्यांत तात्या गेले. आता त्यांचा निवाडा जगात एकाच जागी होता, संयोगिताच्या कॉम्प्युटरमध्ये.

बाळासोंनी तिला खोदून खोदून विचारलं होतं. विचारणारच. पहिला खांदा गेली अकरा वर्षं त्यांच्या घराचा होता. मूळचा मान त्यांच्या चुलतभावाचा. भाऊ गेला, मागं अंबूबाई आणि दोन लेकी राहिल्या. घरात पोरगा नाही म्हणून पालखी बाळासोंच्या खांद्यावर आली आणि तिथंच मुरली. संयोगितानं मात्र तोंडातून एक अक्षर काढलं नाही. टाइप करायला आलेलं बाहेर बोलायचं नाही, ही तिची धंद्याची रीत होती.

शनिवारी दुपारी बाळासो कामाला लागले. आधी सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि बायकोला समोर बसवून दाखवल्या.

"मोज. तीनशे बारा तिकडं, तीनशे बारा हिकडं. एक जरी कमी भरली तर नाव बदलीन."

फायली बरोबर भरल्या. मग दुसरा पेनड्राइव्ह लावून त्यांनी जुनं सगळं धुऊन काढलं आणि नवी विंडोज चढवायला घेतली. दोन वेळा मशीन बंद होऊन चालू झालं, तीन वेळा चहा झाला आणि साडेचारला पडद्यावर निळाशार उजेड आला. प्रिंटरनं लगेच ओळख दिली. साइटी भराभर उघडायला लागल्या. बाळासो खुर्चीत असे रेलून बसले, की विंडोज त्यांनीच बनवली असावी.

"बघ! डबा म्हणून टाकायला निघालतीस न्हवं?"

"मी कुठं? तुमीच म्हणालासा डबा," म्हणत तिनं यादी उघडली.

पडद्यावर मराठीचा एक शब्द नव्हता. नुसती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, पुन्हा अक्षरं. ओळीखाली ओळ, आणि एकीचा एकीशी संबंध नाही.

चूक काय झाली ते तिला एका क्षणात कळलं. तिचं सगळं टायपिंग जुन्या फॉन्टातलं. त्यात कॉम्प्युटर साठवतो ती नुसती इंग्रजी बटणं, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फायली पेनड्राइव्हवर आल्या, फॉन्ट मात्र जुन्या विंडोजच्या पोटात होता आणि तिच्याबरोबर तोही गेला. तो फॉन्ट लक्ष्मीपुरीतल्या एका छपाईवाल्यानं स्वतःपुरता बनवलेला. तो माणूस वारला, त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. इंटरनेटवर त्या नावाचा फॉन्ट कुठंच सापडला नाही.

"तीनशे बारा फायली मोजल्यासा," संयोगिता कडाडली, "आणि फॉन्ट कुणाच्या बापानं मोजायचा?"

बाळासोंचा चेहरा उतरला. "मला काय म्हाईत अक्षरं येगळी आणि फॉन्ट येगळा? आता उद्या काय दाखवायचं? लोक म्हणतील, ह्यानंच मुद्दाम उडवली यादी!"

म्हणतील नव्हे, म्हणणारच होते. संयोगिताला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की तिला राग यायचा. रागानं ती पडद्याकडं बघत राहिली. सगळ्यात वरच्या ओळीत पहिली चार अक्षरं होती: एल, के, जे, के. नकळत तिची बोटं कीबोर्डवर गेली. शिकली ती टाइपरायटरवर, बटणांकडं न बघता. एलवर तिचं बोट पडलं की स. के म्हणजे काना. जे म्हणजे र. पुन्हा काना.

"सारा," ती पुटपुटली. बोटं पुढं चालली. "सारा गाव साक्षी."

तात्यांनी यादीच्या डोक्यावर हेच घालायला सांगितलं होतं! पंचवीस वर्षं जी बटणं दाबली ती डोळ्यांना परकी असतील, बोटांना कशी असतील? ती ओळीमागून ओळ वाचत गेली, मनातल्या मनात, आणि शेवटच्या ओळीपर्यंत कुठं अडली नाही.

"मला येतंय वाचायला," ती म्हणाली. "सगळं."

बाळासोंनी आधी देवाला हात जोडले. मग खुर्ची पुढं ओढली.

"तुझ्याबिगर कुणालाच येत न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मग ऐक की. पहिल्या खांद्याला आपलं नाव असंल तर प्रश्नच न्हाय. आणि नसंल तर... असंल असं वाच. कुणाला कळणार हाय?"

"मला कळंल."

"अगं, अकरा वर्सं पालखी उचललीया मी!"

"उचललीसा, झकास उचललीसा. पण तात्यांनी माझ्या बोटांवर इस्वास टाकला, तुमच्या खांद्यावर न्हाय. परत हा विषय काढला तर उद्या बैठकीला मी एकटी जाईन." तिनं ते पान तसंच्या तसं नव्या प्रिंटरवर छापलं आणि घडी घालून पदराच्या गाठीला बांधलं.

रविवारी देवळासमोर सगळी वस्ती जमली. जत्रा कमिटीचे अध्यक्ष गुरुसिद्ध अण्णा, पेठेतले किराणावाले. त्यांनी तो कागद सरळ धरून बघितला, उलटा धरून बघितला आणि परत दिला. रीत अशी, की नाव पुकारलं की त्या घरच्या माणसानं उभं राहून 'हाय' म्हणायचं. म्हणजे मान स्वीकारला. संयोगिता उभी राहिली. तिचा आवाज जराही कापला नाही.

"पहिला मान, पालखीचा पहिला खांदा. अंबूबाईचं घर. खांदा लेक देईल, नावं ठेवणाऱ्यानं ह्या तात्याच्या नावानं आंघोळ करावी."

एकच गलका झाला. सम्राट नावाचा एक भाऊबंद तावातावानं पुढं आला. "ह्या कागदात मराठी कुठं हाय? ही मनातलं वाचतीया!"

"थांब," गुरुसिद्ध अण्णा म्हणाले. "वहिनी, माझ्या घराची ओळ वाचा."

"बारावा मान, आरतीचं तेल. गुरुसिद्धचं घर. पण घाण्याचं आणायचं, गेल्या साली आणलंतं तसलं डब्यातलं न्हाय."

माणसं खो खो हसली. अण्णांनी कान पकडले. "हे तात्यांना आणि मला, दोघांनाच ठाऊक हुतं. बाईला वाचता येतंय, शंकाच न्हाय."

"एक ओळ खरी वाचली म्हणून पहिलीबी खरी कशावरनं?" सम्राट हटेना. खरंच होतं त्याचं. देवळाच्या कडेच्या कट्ट्यावर अंबूबाई मान खाली घालून बसली होती.

तेवढ्यात बाळासो उठले. संयोगिताला आधी वाटलं, आता हा माणूस घात करणार.

"सम्राट, खाली बस," ते मोठ्यानं म्हणाले. "काल ह्या बाईला मी सांगितलं, माझं नाव वाच म्हणून. माझ्या तोंडावर न्हाय म्हणाली. खोटंच वाचायचं असतं तर पहिलं नाव माझं आलं असतं की!"

सम्राट बसला. सगळ्या वस्तीसमोर नवरा स्वतःची लाज स्वतः काढत होता, आणि संयोगिताला त्याचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

बाळासो कट्ट्याकडं वळले. "वैनी, नाव पुकारलंय. म्हणा की."

अंबूबाईनं शेजारी बसलेल्या तेजस्वीला, थोरल्या लेकीला, पाठीला हात लावून उभं केलं.

"हाय!" तेजस्वी म्हणाली, अशी खणखणीत, की देवळावरची कबुतरं उडाली.