माती भिजतेय अजून

खळबाईचं खरं नाव प्रयोगशाळेच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचतो कोण! खळबाई हे नाव दादानं, तिच्या थोरल्या भावानं ठेवलेलं. बटाट्याच्या स्टार्चची खळ शिजवायची, काचेवर ओतायची आणि वाळली की तिचा पातळ पापुद्रा सोडवून घ्यायचा. प्लॅस्टिकसारखा वापरता येईल आणि काम झालं की जमिनीत विरून जाईल असा. हे तिचं काम. "एवढी शिकलीस आणि शेवटी काय, खळच ढवळतेस," असं दादा तिला तोंडावर म्हणायचा, आणि तिची पाठ वळली की शेजाऱ्यांना गाठून सांगायचा की आमची बहीण एक दिवस प्लॅस्टिकचा निकाल लावणार आहे.

दादा कबरी खणायचा. उभा जन्म त्यानं शहराबाहेरच्या दफनभूमीत काढला आणि एका गोष्टीचा राग मनात धरला. दवाखान्यातून माणूस यायचा तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि नियम असा की ओल झिरपेल अशा कशातूनही त्याला खाली सोडायचं नाही. म्हणजे नुसतं कापड बाद. पिशवी तशीच खड्ड्यात जायची. पुढे कधी जागेसाठी जुनी कबर उघडावी लागली, की ती पिशवी आपली जशीच्या तशी, चेन लावलेली. "मातीत गेला म्हणतो आपण," दादा सांगायचा, "मातीत कुठला गं! तो बिचारा पिशवीत असतो."

मग दादाची छाती धरली. औषधं झाली, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टर तोंडावर काही बोलेनासे झाले. तेव्हा एकदा वहिनी चहा टाकायला आत गेल्याचं बघून त्यानं खळबाईचा हात धरला.

"मला पिशवीत घातलंत तर याद राखा. उठून बसेन."

"काहीतरीच काय बोलतोस दादा!"

"तुझ्या त्या पापुद्र्यात गुंडाळ मला. करशील ना?"

करीन, म्हणून गेली ती. म्हणायला काय जातं! पण पापुद्रा म्हणजे शेवटी खळ. कोरडा असला की कडक आणि देखणा, जरा ओल लागली की चिकट लिबलिबीत. हाताचा घाम लागला तरी सुरकुतायचा. त्यात माणूस कसा पेलणार, आणि तोही दादासारखा दांडगा?

त्यावर उपाय होता माती. साधी नव्हे, पिठासारखी मऊ, पांढुरकी चिकणमाती. तिचे कण म्हणजे एकावर एक बसलेल्या पातळ पातळ चकत्या. त्या सुट्या होऊन खळीत पसरल्या की घरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर निजतात, आणि पाण्याला सरळ वाटच राहत नाही. पण त्या सुट्या होतील तर ना! खळबाईला घाई. तिनं कोरडीच माती गरम खळीत टाकली, तर गुठळ्या झाल्या आणि पापुद्रा गुठळीपाशी फाटला. जास्त माती घातली, म्हटलं ताकद येईल. तो घडी घालताना तडकला. मातीच्या नादात कामाची पार माती झाली, आणि ती प्रयोगशाळेतच डोकं धरून बसली.

मग तिनं घाई सोडली. मोजकीच माती घ्यायची, पाण्यात भिजत घालायची, दिवसभर ढवळत ठेवायची, अगदी दुधासारखी होईपर्यंत. मगच स्टार्च, मग मऊपणाला ग्लिसरीन, मग मंद आच. इथं घिसाडघाई करून चालत नाही, हे तिला पटायला वेळ लागला, पण पटलं.

दादा रोज फोन करायचा. हॅलो नाही, काही नाही. "काय खळबाई, माती झाली का?"

"कुणाची? तुझी की माझी?"

"माझी व्हायच्या आत तुझी होऊ दे म्हणजे झालं!"

"भिजतेय अजून," ती म्हणायची, आणि दोघंही हसायची. हसता हसता त्याला खोकला लागायचा, मग वहिनी फोन काढून घ्यायच्या आणि दोघांनाही झापायच्या. अभद्र बोलू नका म्हणून. पण त्यांचं ऐकतो कोण! खळबाईला तर वाटायचं, हा असा चेष्टा करतोय तोवर काही होत नाही याला.

शेवटच्या आठवड्यात त्याला दवाखान्यात हलवलं. श्वास जरा सुधारला, घरी सोडू कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. आणि इकडे, काय योग बघा, पापुद्रा जमला! खळबाईनं सकाळी काचेची कड सोडवली, तर अख्खा पापुद्रा सालीसारखा अलगद निघून आला. मऊ, धुरकट, कुठे गुठळी नाही. तिनं त्यात पाणी भरून तो टांगून ठेवला. खाली टेबल कोरडं ते कोरडंच. त्याच खळीचे पापुद्रे बाकीच्या काचांवरही वाळलेले होते. त्यांच्या कडा किंचित ओल्या करून तिनं एकाला एक चिकटवले आणि माणूसभर लांब चादर केली. पहाटेपासून ती आतच होती आणि तिचा फोन बाहेर कपाटात होता. वाळवणाच्या खोलीत फोन न्यायची पद्धत नव्हती.

तेवढ्यात दारात गाळणी उभा राहिला. हा तिचा सहकारी. काम चोख, पण त्याच्या कानातून निरोप गेला की निम्मा वरच अडकायचा, म्हणून हे नाव.

"बाई, ऑफिसच्या फोनवर तुमच्या वहिनी होत्या. दुपारी माती आहे, घरीच या म्हणाल्या."

"घरी? घरी या म्हणाल्या?"

"हो. घसा बसला होता त्यांचा. ढवळणी चालू होती, धड ऐकू आलं नाही."

आता त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? त्या प्रयोगशाळेत माती म्हणजे बरणीतली पांढरी माती, दुसरी नाही. आणि खळबाईच्या डोळ्यांत तर आनंदानं पाणीच आलं. घरी सोडलं दादाला! आणि बघा त्याचा वात्रटपणा, वहिनींनासुद्धा चेष्टेत ओढलं! फोन बघायचंही भान तिला राहिलं नाही. पर्समध्ये टाकला आणि चादरीची गुंडाळी काखेत मारून ती निघाली.

वाटेत तिनं काय बोलायचं ते ठरवून टाकलं. घराबाहेर चपलांचा ढीग होता. लोक भेटायला आले असतील, तिला वाटलं. जिना चढता चढताच ती ओरडली,

"दादा, माती आली रे!"

दारातली माणसं बाजूला झाली. मधल्या खोलीत जमिनीवर दवाखान्याची पिशवी होती, चेन लावलेली, आणि तिच्याशेजारी वहिनी बसल्या होत्या. खळबाईचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते कसं आवरायचं हेच तिला कळेना.

वहिनींनी तिला जवळ ओढलं. त्यांचा आवाज खरंच बसला होता.

"आलीस. पहाटेच गेले गं. सगळे घाई करत होते, मी म्हटलं थांबा. ह्यांनी मला बजावून ठेवलं होतं, खळबाईची माती आल्याशिवाय माझी माती करायची नाही."

मग मात्र ती ओक्साबोक्शी रडली. चेष्टा समजले हो मी, चेष्टा समजले, एवढंच म्हणत राहिली. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि स्वतःही रडत होत्या.

पिशवीची चेन तिनं स्वतः उघडली. चौघांनी मिळून दादाला चादरीवर घेतलं. तिनं बोट ओलं करून कडा मिटवल्या, दाबून धरल्या, चिकटल्या की नाही ते पुन्हा पुन्हा पाहिलं. रिकामी पिशवी कुणीतरी बाहेर नेली.

दफनभूमीत दादाचे जोडीदारच खणत होते. दोरांवर भार आला तशी चादर ताणली गेली. एका कडेला खळबाईची नजर खिळली होती. सकाळी तिथे सांधा जरा अरुंद पडला होता. पण सांधा टिकला. दादा खाली ओल्या जमिनीवर टेकला, आणि कुठे काही फाटलं नाही. आता पाऊस, मुंग्या, ओल, सगळं आपापल्या वेळानं त्याच्यापर्यंत पोचणार होतं.

एकेकानं मूठ मूठ माती टाकली. सगळे मागे सरले. म्हातारा खणणारा फावडं घेऊन थांबला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि नेहमीच्या कामाच्या आवाजात विचारलं,

"माती झाली का ताई?"

भिजतेय अजून, हे शब्द सवयीनं तिच्या ओठांवर आले. तिनं ते गिळले, वाकून मूठ भरली, आणि खाली टाकली.

"झाली," ती म्हणाली. "झाली रे दादा."